गोळ्या चालू असताना युरीन टेस्टवर भरवसा ठेवायचा का?

प्रश्न नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, अंबडच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या २७ वर्षांच्या एका ताईंचा आहे. चार महिन्यांपासून माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या चालू. गेल्या पाकिटातल्या शेवटच्या दोन पांढऱ्या (हार्मोनच्या) गोळ्या रात्रपाळीच्या गडबडीत राहून गेल्या. मग लोहाच्या सात गोळ्या नेहमीसारख्या संपवल्या आणि नवं पाकीटही एक दिवस उशिरा उघडलं. मधल्या काळात पाळी आली ती दोनच दिवस, नुसते तपकिरी डाग. नव्या पाकिटाच्या चौथ्या दिवशी संबंध आला, कंडोम नव्हता. त्यानंतर नवव्या दिवशी घरी कार्ड टेस्ट केली, एकच रेष आली. तासाभराने कार्ड टाकून द्यायला उचललं तर दुसरी पुसट रेष दिसली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गोळ्यांत हार्मोन असतं आणि टेस्टही हार्मोनच बघते, गोळ्या चालू असताना टेस्ट खरी येतच नाही. मग गोळ्या बंद करून परत टेस्ट करू का, असं ताई विचारतात. दिवस राहिले असतील तर या गोळ्यांनी बाळाला काही होईल का, हीही धास्ती आहे.

ताई, गोळ्या बंद करू नका. गोळ्यांमुळे टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येत नाही आणि खोटी निगेटिव्हही येत नाही. तुमची ती टेस्ट मात्र मी धरणार नाही. पाच मिनिटांतली एक रेषही नाही आणि तासाभरानंतरची दुसरीही नाही. ती फार लवकर केली आणि दुसरी रेष फार उशिरा बघितली, एवढंच चुकलं.

वहिनींच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. टेस्ट हार्मोनच बघते, पण तुमच्या गोळीतलं नाही. माला-डीच्या एका पांढऱ्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. मेडिकलमधल्या बाकीच्या बहुतेक गोळ्यांतही याच दोन जातींची औषधं असतात, फक्त नावं आणि प्रमाण बदललेलं. कार्डावरची पट्टी यातलं काहीच ओळखत नाही. ती शोधते एचसीजी. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की पुढे ज्यांची वार होते त्या पेशी हे हार्मोन सोडू लागतात. एचसीजीचे दोन भाग असतात, आल्फा आणि बीटा. आल्फा म्हणजे आडनाव समजा. अंडाशयाला चालना देणारी एलएच आणि एफएसएच, थायरॉइडचं टीएसएच, सगळ्यांचं तेच. बीटा हे प्रत्येकाचं स्वतःचं नाव, आणि कार्ड बीटा वाचून ओळख पटवतं. माला-डी, माला-एन, अंतरा इंजेक्शन, हार्मोनची तांबी, तातडीची आय-पिल, यातल्या कशातही एचसीजी नसतं.

हा समज एवढा चिवट का, याबद्दल माझा एक अंदाज आहे. पूर्वी आपल्याकडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या दिवस राहिलेत का ते बघायलाच दिल्या जायच्या. गोळ्या घेऊन पाळी आली तर दिवस नाहीत, नाही आली तर आहेत, असा तो हिशेब. तो बेभरवशाचा होताच, शिवाय गर्भाला अपाय होण्याची शंका होती. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी बरीच वर्षं लढा दिल्यावर १९८८ साली भारतात त्यांवर बंदी आली. गोळ्या गेल्या, पण गोळी घेऊन पाळी आणून बघायची सवय काही घरांतून गेली नाही. आजही एखाद्या सासूबाई सुनेला घेऊन येतात आणि म्हणतात, डॉक्टर, पाळी यायची गोळी द्या म्हणजे कळेल. मी आधी कार्ड हातात देते.

गोळ्या टेस्टला फसवत नाहीत, पण तारखेला फसवतात. टेस्ट किटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, पाळी चुकल्यावर टेस्ट करा. गोळ्या घेणाऱ्या बाईची पाळी चुकली हे ठरवायचं कशावरून? लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात जे जातं ती खरी पाळी नसतेच. हार्मोन थांबल्यामुळे अस्तर सुटतं, म्हणून तो रक्तस्राव. गोळ्यांवर अस्तर पातळ राहतं, त्यामुळे दोन दिवस तपकिरी डाग जाणं किंवा एखाद्या महिन्यात काहीच न जाणं हे सगळं नेमाने गोळ्या घेणारीलाही होतं. उलट दिवस राहिलेल्या बाईलाही सुरुवातीला थोडं अंगावरून जाऊ शकतं. म्हणून तुमच्या तपकिरी डागांवरून मला दोन्ही बाजूंनी काहीच सांगता येत नाही.

अशा वेळी पाळी सोडायची आणि संबंधाची तारीख धरायची. स्त्रीबीज सुटल्यापासून गर्भ रुजायला साधारण ६ ते १२ दिवस लागतात. त्याआधी लघवीत एचसीजी नसतंच, मग किट कितीही महागाचं असो. रुजल्यावर ते सुरुवातीला दोन ते तीन दिवसांत दुप्पट होत जातं. घरगुती कार्डं साधारणपणे एका मिलिलिटर लघवीत २० ते २५ मिलि-युनिट एचसीजी झालं की दुसरी रेष दाखवतात. शुक्राणू आत चार-पाच दिवस तग धरतात, म्हणजे संबंध आज आणि बीज चार दिवसांनी, असंही होतं. हे सगळं जमेस धरलं तर असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नवव्या दिवशी आलेल्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की अजून काही कळत नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. दोन राहिलेल्या गोळ्या, सात लोहाच्या आणि एक उशिराचा दिवस, मिळून सलग दहा दिवस शरीरात हार्मोनची गोळी गेली नाही. ठरलेली सुट्टी सातच दिवसांची असते. गोळी विसरायला सगळ्यात वाईट जागा कुठली, असं कोणी विचारलं तर मी पाकिटाचे दोन टोकं सांगते, कारण तिथे विसरलं की ही सुट्टी लांबते. अंडाशयाला तेवढी मोकळीक मिळाली की बीज वाढायला लागतं. ते पुन्हा दाबायला सात गोळ्या सलग पोटात जाव्या लागतात. तुमचा संबंध चौथ्या दिवशी आला. म्हणजे धोका होता. फार मोठा नाही, पण उडवून लावण्यासारखाही नाही.

चारात २१ मिळवा. नव्या पाकिटाच्या २५ व्या दिवशी, म्हणजे लोहाच्या चौथ्या गोळीच्या सकाळी टेस्ट करा. पाचव्या, सहाव्या किंवा सातव्या दिवशीही संबंध आला असेल तर २८ व्या दिवशी करा. पुढचं पाकीट उघडायच्या आत उत्तर हातात येईल. त्या आठवड्यात रक्तस्राव झाला तरी टेस्ट करायचीच. तेवढे दिवस थांबवत नसेल तर आणखी आठवडाभराने लॅबमध्ये रक्ताची बीटा एचसीजी करून घ्या. ती कार्डापेक्षा लवकर सांगते, ५ च्या खाली आकडा निगेटिव्ह धरतात. पण तिथेही लवकर आलेल्या निगेटिव्हनंतर २५ व्या दिवसाची टेस्ट चुकवू नका. रक्त द्यायला जाताना एक गोष्ट सांगून ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर आकडा खोटा कमी येऊ शकतो. गर्भनिरोधक गोळीवर सगळ्यांना संशय, आणि केसांच्या गोळीचं नावही कुणी काढत नाही.

पुसट रेषेचं काय, तर वेळ बघा. ड्रॉपरने खाचेत दोन-तीन थेंब टाकायचे (नेमके किती ते त्या किटच्या कागदावर असतं) आणि साधारण पाच मिनिटांनी वाचायचं. दहा मिनिटांनंतर दिसलेलं काहीही मोजायचं नाही. लघवी वाळत जाते तसा टी च्या (टेस्टच्या रेषेच्या) जागी राखाडी, रंगहीन चरा उमटतो. तुमची रेष तासाभरानंतरची आहे, त्यामुळे ती मी सोडून देते. वेळेत आलेली रेष मात्र कितीही फिकी असली तरी तिला सी च्या, म्हणजे कार्ड चालू असल्याचं सांगणाऱ्या, रेषेसारखा गुलाबी किंवा जांभळट रंग असेल तर ती पॉझिटिव्हच समजायची. अशी रेष आली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा टेस्ट करा, गडद होते का ते बघा. सी ची रेषच आली नाही तर कार्ड खराब. ओपीडीत बायका मोबाइलवर कार्डाचा फोटो दाखवतात, मी पहिला प्रश्न विचारते तो फोटो किती वाजता काढला. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

सकाळची पहिली लघवी घ्या, रात्री तांब्याभर पाणी पिऊन उठलेली नको. रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळची म्हणजे झोपून उठल्यावरची समजावी, मग ती दुपारी दोनला का असेना. एक्स्पायरी बघा. किट ३० अंशांखाली ठेवायचं असतं. नाशिकचं नाव थंड हवेसाठी असलं तरी एप्रिलमध्ये उभ्या स्कूटीच्या डिकीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घरी कळू नये म्हणून किट डिकीत ठेवणाऱ्या मुली कमी नाहीत.

जिथे खरोखर फसगत होते अशा गोष्टीही सांगते. सगळ्यात वर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आपल्याकडे गौरी-गणपती आणि नवरात्र आलं की यांची मागणी वाढते. गडावर जायचंय, घटाला नैवेद्य करायचाय, घरी पूजा आहे. पाळीत देवाला जावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या बहुतेक नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून सुरू करायच्या. बायका त्यांनाच गर्भनिरोधक समजतात. तशा त्या धरायच्या नसतात. शिवाय त्या महिन्यात दिवस राहिलेच असतील तर गोळी सुरू करताना गर्भ नुकता रुजत असतो, त्या दिवशीची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, आणि पुढे पाळी न येण्याचं श्रेय गोळीला जातं. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. दसऱ्याला गोळ्या बंद केल्या आणि कोजागिरी उलटली तरी पाळी नाही, तर वाट बघत बसू नका, टेस्ट करा.

अंतरा इंजेक्शनचं तेच. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं. त्यावर पाळी अनियमित होणं किंवा महिनोन्‌महिने न येणं नेहमीचं. सुरगाणा-पेठकडच्या बायका सांगतात, आशाताई म्हणाल्या पाळी थांबली तरी घाबरू नका. आशाताई बरोबर सांगतात. तारखा पाळल्या असतील तर दर महिन्याला टेस्ट करत बसायचं कारण नाही. मात्र पुढचा डोस महिनाभराहून जास्त लांबला आणि संबंध आले असतील, तर आशाताईंकडचं ‘निश्चय’ टेस्ट किट मागून घ्या. छाया ही आठवड्याची गर्भनिरोधक गोळी. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली, तिच्यात हार्मोन नाही, तरी तिच्यामुळेही पाळी पुढे जाते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, हे वेळापत्रक चुकलेलं नसेल आणि तरीही तारखेवर १५ दिवस गेले तर टेस्ट करा. आय-पिलसारख्या तातडीच्या गोळीने पुढची पाळी आठवडाभर इकडेतिकडे होते. ती ७२ तासांच्या आत घ्यायची, ती बीज सुटणं लांबवते, रुजलेला गर्भ पाडत नाही. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर टेस्ट.

टेस्ट खरोखर खोटी पॉझिटिव्ह येते ती अशी: वंध्यत्वाच्या उपचारात बीज फुटायला एचसीजीचंच इंजेक्शन देतात, ते दहा-पंधरा दिवस लघवीत दिसतं. गर्भपात झाल्यावर, आपोआप असो की गोळ्यांनी, कार्ड काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणून दोन आठवड्यांनी रेष दिसली तर सोनोग्राफीशिवाय निष्कर्ष काढू नका. पाळी जायच्या वयात मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतूनही थोडं एचसीजी येतं. काही गाठींतही ते वाढतं, पण ते विरळ.

आणि उलटं एक, जे फार कुणाला माहीत नसतं. अडीच-तीन महिने होऊन गेले आणि एचसीजी खूप वाढलं की काही कार्डं गांगरतात, रेष फिकी येते किंवा येतच नाही. ओपीडीत पोट, उलट्या आणि तारीख एक सांगतात आणि कार्ड दुसरंच, तेव्हा मी त्याच लघवीत पाणी घालून पुन्हा थेंब टाकायला सांगते. नर्स नवी असेल तर माझ्याकडे बघत राहते. पातळ लघवीवर रेष ठळक उमटते.

पॉझिटिव्ह कार्ड दिवस राहिलेत हे सांगतं, कुठे राहिलेत ते सांगत नाही. एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, सोबत थोडं अंगावरून जाणं, असं झालं तर गर्भ नळीत असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठायचं आणि जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. तांबी असताना किंवा नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांवर दिवस राहिले तर ही शंका आधी घ्यायची.

बाळाच्या धास्तीबद्दल. नकळत दिवस राहिले आणि सुरुवातीचे काही आठवडे माला-डीसारख्या गोळ्या चालू राहिल्या, अशा असंख्य बायकांची बाळं अभ्यासली गेली आहेत. व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत गोळ्या चालू ठेवा, पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी थांबवा. आता घाबरून थांबवल्या तर सुट्टी पुन्हा लांबेल आणि आज नसलेला धोका उद्या तयार होईल. पॉझिटिव्ह आली आणि मूल नको असेल तर मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून गर्भपाताच्या गोळ्या आणू नका. कायदेशीर गर्भपात नोंदणीकृत केंद्रात होतो, तुमचं नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. ही शेवटची गोष्ट मला दर आठवड्याला कुणाला तरी सांगावी लागते.

पुढच्यासाठी: एक गोळी राहिली तर आठवताच घ्या, पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त राहिल्या तर आठवताच एक घ्या, पाकीट चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. या दोन पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या गोळ्या टाकून द्या आणि लगेच नवं पाकीट उघडा. एवढं केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, पण हे कुणी समजावून दिलेलंच नसतं, पाकीट कागदाच्या पुडीत हातात पडतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक घ्या. अँटिबायोटिकने गोळीचा असर जातो असं सर्रास ऐकू येतं. नेहमीच्या अमॉक्सिसिलिनने तो जात नाही. टीबीच्या रिफाम्पिसिनने जातो, आणि फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिननेही. यातलं काही चालू असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही.

शिफ्ट बदलते म्हणून गोळीचं घड्याळ बदलू नका. मिनिटाचा काटा धरायची गरज नाही, पण दिवस चुकायला नको. नेमाने घेतली तर वर्षभरात हजारात तीन जणींना दिवस राहतात. प्रत्यक्षात बायका जशा घेतात, तशा शंभरात सुमारे सात जणींना. हा फरक विसरण्याचा आहे, आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या बाईने विसरलं तर मला त्याचं नवल वाटत नाही. दोन-चार वर्षं मूल नको असं ठरलेलं असेल तर तांबीचा विचार करा. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, सरकारी आणि मनपाच्या रुग्णालयांत मोफत बसवतात. २५ व्या दिवसाची टेस्ट निगेटिव्ह आली की त्याच आठवड्यात बसवून घेता येईल. येताना गोळ्यांचं पाकीट सोबत आणा, कुठल्या दिवसाची खाच भरलेली आहे ते मला बघायचं असतं.